बंगळूरमधील मराठी माणसे : इतिहास आणि गणना

दक्षिणेच्या पठारावर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर बंगळूर शहर वसले आहे. केंपेगौडा या स्थानिक नायकाने १५३७ मध्ये येथे मातीचा कोट बांधून पेठा वसविल्या, तेव्हापासून या नगराचा सलग इतिहास सांगता येतो. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या उपनगरांसह सुमारे ८५ लाख होती. त्यांपैकी ज्यांनी आपली मातृभाषा मराठी असल्याचे सांगितले, असे लोक शंभरात जेमतेम दोन होते. कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी आणि मल्याळम या भाषांनंतर मराठीचा क्रम लागतो.

एवढ्या मोठ्या शहरात हा समाज लहानच म्हटला पाहिजे. परंतु तो नवा नाही. हे लोक कोण, ते केव्हा आले आणि त्यांची संख्या किती, असे तीन प्रश्न येथे उभे राहतात. त्यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोहोंच्या उत्तरावर अवलंबून आहे, हे पुढील विवेचनावरून वाचकांच्या लक्षात येईल.

जहागिरीचा काळ

१६३६ मध्ये निजामशाहीचा शेवट झाल्यावर शहाजीराजे भोसले विजापूरच्या आदिलशाहीच्या सेवेत आले. पुण्याच्या मुलखात त्यांचे वजन मोठे होते; त्यामुळे त्यांना दूर दक्षिणेत कामगिरीवर पाठविणे दरबाराला सोयीचे वाटले. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या सेनापतित्वाखाली विजापूरच्या फौजेने तिसऱ्या केंपेगौडाकडून बंगळूर घेतले. केंपेगौडा मागडी येथे जाऊन राहिला आणि बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे बनले. पुढे कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर व शिरे हे परगणेही त्यांच्या अधिकाराखाली आले.

जहागीरदाराबरोबर केवळ शिपाई येत नाहीत. हिशेब ठेवणारे कारकून, पुरोहित, शिंपी, रंगारी, व्यापारी आणि त्यांची कुटुंबेही येतात. बंगळूरमध्ये हेच घडले. देशपांडे, कुलकर्णी यांसारखी महाराष्ट्रातील वतनांची नावे या प्रदेशाच्या वसुलीच्या व्यवस्थेत रूढ होऊ लागली. शहाजीराजांच्या दरबारी अनेक भाषांचे कवी होते. जयराम पिंड्ये या कवीचे राधामाधवविलासचंपू हे काव्य याच दरबाराशी निगडित आहे, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ते संपादून प्रसिद्ध केले. एकाच दरबारात संस्कृत, मराठी, कन्नड, तेलुगू आणि इतर भाषांत कविता म्हटली जात होती, हे त्यावरून कळते.

नव्या सत्तेने स्थानिक भाषा बाजूस सारली नाही, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांच्या कारकिर्दीतील १६६९ चा एक शिलालेख मल्लेश्वरम् भागातील काडू मल्लेश्वराच्या देवळाजवळ आहे. मल्लपुराच्या देवाला एक गाव इनाम दिल्याची नोंद त्यात असून लेखाची भाषा कन्नड आहे. दाता मराठी, देव स्थानिक आणि दानपत्र कन्नड, असा तो काळ होता.

शहाजीराजांचा १६६४ मध्ये होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून मृत्यू झाला. एकोजींनी पुढे तंजावर हस्तगत करून तेथे आपली गादी स्थापिली. दूरचे बंगळूर सांभाळणे कठीण होऊ लागल्याने ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना विकण्याची बोलणी सुरू झाली. तेवढ्यात, १६८७ मध्ये, मोगल सरदार कासिमखानाने ते काबीज केले आणि तीन लाख रुपये घेऊन म्हैसूरकरांच्या हवाली केले. अशा रीतीने सुमारे पन्नास वर्षांनी बंगळूरवरील भोसल्यांचा अंमल संपला.

अंमल गेला, माणसे राहिली

राज्य गेले म्हणून सर्व माणसे परत गेली असे नाही. ज्यांची शेती, वतने आणि धंदे येथे रुजले होते ती कुटुंबे येथेच राहिली. कन्नड व तेलुगू शेजारी मराठ्यांना ‘आरे’ या नावाने ओळखत. पेठांमध्ये रंगकाम व कापडाचा धंदा करणारे भावसार आणि शिवणकाम करणारे नामदेव शिंपी यांनी आपली वस्ती व विठ्ठलभक्ती टिकवून धरली. गविपुरम् येथील गोसावी मठ आजही मराठा समाजाचे एक धार्मिक केंद्र आहे.

दुसरा ओघ लेखणीच्या वाटेने आला. म्हैसूरच्या वसुली दप्तरांत कन्नडबरोबर मराठीचाही वापर दीर्घकाळ होत असे. १८३१ मध्ये ब्रिटिशांनी म्हैसूरचा कारभार आपल्या हाती घेतला आणि बंगळूर हे राज्यकारभाराचे मुख्य ठिकाण झाले, तेव्हा हिशेब व पत्रव्यवहार जाणणाऱ्यांना येथे मागणी आली. तंजावरात दोन शतके राहिलेली मराठी घराणी यात पुढे होती. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ शब्दांनी भरलेली असे. कुंभकोणमचे व्ही. पी. माधवराव १९०६ ते १९०९ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. त्यांच्यानंतर सर टी. माधवरावांचे पुत्र टी. आनंदराव १९१२ पर्यंत त्या पदावर होते. शहरातील गजबजलेला आनंदराव चौक त्यांच्याच नावाचा आहे. ज्या एकोजींनी बंगळूर सोडले, त्यांच्या तंजावरातील मराठी मंडळींचे वंशज अशा रीतीने सव्वादोनशे वर्षांनी बंगळूरच्या कारभारात आले.

तिसरा ओघ कारखान्यांचा. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना सुरू केला. स्वातंत्र्यानंतर दूरध्वनी यंत्रे, घड्याळे व इलेक्ट्रॉनिक उपकरणे तयार करणारे सरकारी कारखाने निघाले. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोसिसने १९८३ मध्ये आपले मुख्य कार्यालय बंगळूरला हलविले. पुढील काळात संगणक व्यवसायामुळे पुणे आणि मुंबईकडून येणाऱ्या तरुणांची संख्या वाढतच गेली.

संख्या कशी मोजावी?

जनगणनेत मातृभाषा म्हणजे व्यक्तीच्या लहानपणी तिची आई तिच्याशी जी भाषा बोलत असे ती. आई लहानपणीच वारली असल्यास त्या घरात मुख्यत्वे बोलली जाणारी भाषा नोंदवतात. याखेरीज व्यक्तीला येणाऱ्या आणखी दोन भाषा लिहून घेतल्या जातात. २०११ मध्ये कर्नाटकात सुमारे २० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. त्यांपैकी सर्वांत मोठा गट बेळगाव जिल्ह्यात आहे. तेथील माणसे आपल्या जागीच होती. राज्याची सीमा त्यांच्याभोवती आखली गेली. बंगळूरची गोष्ट वेगळी. येथे माणसेच वेगवेगळ्या काळी चालत आली.

म्हणूनच बंगळूरचा दोन टक्के हा आकडा जपून वाचावा लागतो. गेल्या वर्षी पुण्याहून आलेला अभियंता त्यात येतो. परंतु ज्या कुटुंबात तीन पिढ्यांपूर्वी घरची भाषा कन्नड झाली, ते त्यात येत नाही; मग त्याचे आडनाव, कुलदैवत आणि लग्नसंबंध मराठी असले तरी. याउलट, घरात मराठी बोलणाऱ्या पण ती देवनागरीत कधीच न शिकलेल्या अनेकांची नोंद मराठी अशीच होते. सुप्रसिद्ध चित्रपट अभिनेते रजनीकांत यांचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड. ते १९५० मध्ये बंगळूरच्या एका मराठी कुटुंबात जन्मले, याच शहरात बसवाहक म्हणून त्यांनी नोकरी केली आणि कीर्ती मिळविली ती तमिळ चित्रपटांत. अशा माणसाचे एकच घर दाखविता येत नाही.

भाषा आणि समाज यांची ही गल्लत किती दूर जाऊ शकते हे २०२० मध्ये दिसून आले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कर्नाटक सरकारने मराठा समाजाच्या विकासासाठी प्राधिकरण स्थापण्याची आणि त्यासाठी ५० कोटी रुपये देण्याची घोषणा केली. कन्नड संघटनांनी तिला विरोध करून ५ डिसेंबरला बंद पुकारला. ही योजना राज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठा समाजासाठी आहे, मराठी भाषेशी तिचा संबंध नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. शब्द जवळचे असल्याने ज्यांना कन्नडशिवाय दुसरे शिक्षण नाही अशी माणसेही परकी ठरण्याची वेळ आली होती.

२०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असून तीत जातीचीही नोंद व्हायची आहे. सर्व जातींची गणना करून आकडे प्रसिद्ध करण्याचे काम याआधी १९३१ मध्ये झाले होते. भाषेचा आणि जातीचा, असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी मिळाले, तर बंगळूरमध्ये मराठी बोलणारे किती आणि मराठी वंशाचे किती, यांतील अंतर काही प्रमाणात मोजता येईल. हे अंतर म्हणजे समाजाची हानी, असे समजण्याचे कारण नाही. ज्या कुटुंबांनी येथे साडेतीनशे वर्षे काढली, त्यांनी शेजाऱ्यांची भाषा आपली केली, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. एकोजींच्या कारभारात दानपत्र कन्नडमध्ये कोरले गेले, तेव्हाच या प्रक्रियेचा आरंभ झाला होता.