काचेतलं चिलखत कुणाचं?

बिबवेवाडीत बोलतोय, तर जवळच्याच जागेपासून सुरुवात करू. स्वारगेट ओलांडलं की बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, यांनी आयुष्यभर जमवलेला हा ठेवा १९७५ साली महाराष्ट्र शासनाला दिला. अशा कुठल्याही संग्रहालयात चिलखतासमोर शाळेची मुलं उभी राहिली की हमखास म्हणतात, ‘हे मावळ्याचं!’ मोठेही म्हणतात. चित्रांनी आपल्याला तशी सवयच लावली आहे.

आता चिलखत म्हणजे काय, तर हजारो लोखंडी कड्या. एकेक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली. चांगल्या कामात कडीची टोकं चपटी करून त्यांत बारीक रिव्हेट ठोकलेला असतो. नुसती टोकं जुळवलेली असतील तर काम हलकं, आणि पुष्कळदा नंतरच्या काळातलं. वजन साधारण दहा किलो धरा. सभासदाच्या बखरीत पायदळाची रचना दिली आहे: दहा माणसांवर नाईक, मग हवालदार, जुमलेदार आणि वर हजारी. एका हजारीच्या माणसांना चिलखतं द्यायची म्हटलं तर दहा टन घडीव लोखंड झालं! कुठून आणणार? आणि ते अंगावर घेऊन घाट कोण चढणार? १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखानाच्या भेटीत महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होतं, हे आपण ऐकत आलोय. पण जावळीच्या झाडीत दबा धरून बसलेल्यांचं तसं नव्हतं.

हिंदुस्थानातल्या साध्या शिपायाला परवडायचा तो कापूस. थरावर थर देऊन, घट्ट टाके घालून शिवलेला जाड अंगरखा. ‘चिलता’ हा फारसी शब्द त्यातलाच, अर्थ चाळीस थरांचा. तलवारीचा वार त्यात अडकतो, बाणाचा जोर कमी होतो. बंदुकीची गोळी मात्र थांबत नाही. पण जवळून झाडलेली गोळी लोखंडी कड्याही फोडतेच की.

हा कापूस घामाने कुजला, वाळवीने खाल्ला, उरलेल्या चिंध्या गोधडीत गेल्या असणार. सरदारांच्या शस्त्रागारात तेल लावून ठेवलेलं लोखंड तेवढं काचेत पोचलं.

पायदळाच्या जवळची वस्तू बघायची तर ढाल बघा. कातड्याची, फार चकचकीत नसलेली. वरची चार फुलं केवळ शोभेची नाहीत. आतल्या मुठीच्या कड्या त्यांनाच धरून असतात, आणि मधे बोटांना मार बसू नये म्हणून छोटी गादी असते. काचेतून मागची बाजू दिसत असेल तर ती गादी जरूर शोधा.