धानाच्या हंगामातलं आयटी

दिवाळीचे दिवे उतरले की रायपूरमध्ये आयटीच्या कामाला खरा वेग येतो. नोव्हेंबरच्या मध्यावर छत्तीसगडमध्ये सरकारी धानखरेदी सुरू होते आणि जानेवारीअखेरपर्यंत चालते. २०२४-२५ च्या हंगामात सुमारे साडेपंचवीस लाख शेतकऱ्यांनी १४९ लाख टन धान सरकारला विकलं. नोंदणी, रकबा, टोकन, वजन, बारदाना, पैसे अशी प्रत्येक पायरी संगणकावर चढते. सर्व्हर तासभर अडला तर गावोगावच्या केंद्रांवर ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात.

हिशेब चोख ठेवावा लागतो, कारण भाव मोठा आहे. त्या हंगामात राज्याने क्विंटलला ३,१०० रुपये दिले, तेही एकरी २१ क्विंटलच्या मर्यादेत. साध्या धानाचा केंद्राचा हमीभाव तेव्हा २,३०० रुपये होता. एवढा फरक असला की शेजारच्या राज्यांतलं धान सीमा ओलांडून येऊ पाहतं. आपल्या गोंदिया-गडचिरोलीच्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको. म्हणून शेतकऱ्याच्या नावावर किती जमीन आहे आणि त्यातल्या किती जमिनीत धान लावलं आहे, याची पडताळणी हा या सगळ्या यंत्रणेचा कणा आहे.

रायपूरच्या आयटीला हे वळण लागायला कारणं आहेत. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळं झालं, तेव्हा राजधानीचं मंत्रालय डीकेएस रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत थाटावं लागलं. शहराचा व्यापार पोलाद, सिमेंट आणि राईस मिलवर चाले. अभियंते तयार होत होते, कारण १९५६ पासूनचं खाण व धातुशास्त्राचं सरकारी महाविद्यालय इथेच होतं. २००५ मध्ये त्याची एनआयटी झाली. पण नोकऱ्यांसाठी मुलं पुणे, हैदराबाद, बंगळुरूच्या गाड्या पकडत. १९३५ पासून महाराष्ट्र मंडळ चालवणाऱ्या इथल्या मराठी समाजातल्या घरांनाही हे स्थलांतर परकं नाही. मागे राहिलेल्या संगणक-कामाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं सरकार. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र म्हणजे एनआयसी आणि राज्याची ‘चिप्स’ ही संस्था, या दोन दारांतून ते काम आलं.

त्यातलं सर्वांत मोलाचं काम रेशनचं. २००४ मध्ये राज्याने रेशन दुकानं खासगी दुकानदारांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था आणि बचत गटांकडे दिली. २००७ च्या सुमारास एनआयसीने धानखरेदीपासून रेशन दुकानापर्यंतची साखळी संगणकावर आणली. सुमारे दीड हजार सहकारी समित्यांत संगणक बसले. शेतकऱ्याला धान मोजल्यावर संगणकावर छापलेला धनादेश मिळू लागला. तेव्हा खेड्यांत इंटरनेट कुठून असणार? दूरच्या समित्यांची माहिती मोटरसायकलस्वार जोडणी असलेल्या केंद्रापर्यंत नेत आणि तिथून ती रायपूरला पोचे. जोडणीची वाट पाहत काम अडवून ठेवलं नाही, हा व्यवस्थापनातला मोठा शहाणपणा होता.

पुढची पावलंही अशीच साधी होती. कोणत्या दुकानाला किती तांदूळ द्यायचा, हे कार्डांची संख्या आणि उरलेला साठा पाहून संगणक ठरवू लागला. पिवळ्या रंगाचे ट्रक धान्य दुकानाच्या दारात उतरवू लागले आणि ट्रक निघाला की नाव नोंदवलेल्या गावकऱ्यांना एसएमएस जाऊ लागला. २०१२ मध्ये रायपूर शहरात ‘कोअर पीडीएस’ पसरलं. लोकांच्या तोंडी त्याचं नाव ‘मेरी मर्जी’, कारण कार्डधारक आपल्या पसंतीच्या दुकानातून धान्य उचलू शकत होता. दुकानदाराने हिडीसफिडीस केली तर पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक दुसरीकडे! देशभर लागू झालेल्या ‘एक देश, एक रेशन कार्ड’मागची कल्पना रायपूरने अशी आधीच वापरून पाहिली होती, त्या राष्ट्रीय योजनेत मात्र छत्तीसगड २०२२ मध्ये, जवळजवळ शेवटी दाखल झालं.

ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या अर्थतज्ज्ञांनी राष्ट्रीय नमुना पाहणीची आकडेवारी तपासली. २००४-०५ मध्ये छत्तीसगडच्या रेशनमधलं सुमारे निम्मं धान्य वाटेत गळत होतं. २००९-१० मध्ये ही गळती दहा टक्क्यांच्या आसपास आली. श्रेय एकट्या संगणकाचं नाही. दुकानांची मालकी बदलली, भाव उतरला, कार्डधारक वाढले आणि लोक जाब विचारू लागले. उलट बाजूही नोंदवायला हवी. २०१५ मध्ये नागरी पुरवठा महामंडळावर छापे पडले आणि निकृष्ट तांदूळ कमिशन घेऊन स्वीकारल्याचे आरोप झाले. पोत्यात किती तांदूळ आहे हे पडद्यावर दिसतं. तो कसा आहे, हे पोतं उघडून माणसालाच पाहावं लागतं.

या व्यवस्थेत सर्वांत कमी बोललं जातं ते समितीतल्या संगणक ऑपरेटरबद्दल. काट्यावरचा आकडा तोच चढवतो, टोकनाचा घोळ तोच निस्तरतो आणि नेटवर्क गेलं की शेतकऱ्यांचा संताप त्याच्याच टेबलावर येतो. आता ‘टोकन तुंहर हाथ’ या ॲपवरून शेतकरी स्वतः टोकन घेऊ शकतो, तरी अडलेला माणूस शेवटी ऑपरेटरलाच गाठतो. नियमित नोकरी आणि पुरेसा पगार या मागण्यांसाठी ऑपरेटर वारंवार संपावर गेले आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये समित्यांचे कर्मचारी आणि ऑपरेटर ऐन खरेदीच्या तोंडावर संपावर उतरले, तेव्हा सरकारने एस्मा हा अत्यावश्यक सेवांचा कायदा लावला. ज्यांच्यावाचून सेवा चालत नाही म्हणून कायदा वापरावा लागतो, त्यांची नोकरी वर्षानुवर्षं अधांतरी ठेवणं अन्यायाचं आहे आणि व्यवस्थापन म्हणूनही चुकीचं आहे.

दरम्यान राजधानीने कूस बदलली आहे. नवा रायपूरमध्ये २०१५ मध्ये राज्य सरकार आणि एनटीपीसीच्या सहभागातून ट्रिपल आयटी उभी राहिली. मे २०२५ मध्ये तिथेच रॅकबँक कंपनीच्या एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. इथल्या पोरांना घराजवळ काम मिळणार असेल तर या घडामोडींचं मनापासून स्वागत करायला हवं. पण डेटा सेंटर जमीन, वीज आणि भांडवल भरपूर घेतं. इमारत उभी राहिल्यावर ते चालवायला माणसं त्या मानाने थोडीच लागतात. गुंतवणुकीचे कोटी मोजताना किती जणांना कसली नोकरी आणि किती पगार, हेही सरकारने दरवर्षी जाहीर करावं.

आणि धानाच्या यंत्रणेपुरतं बोलायचं तर कामं डोळ्यांसमोर आहेत. ऑपरेटरला हंगामापुरतं न ठेवता बाराही महिने नेमावं. खत, बियाणं, कर्ज यांचे हिशेब समितीत वर्षभर असतातच. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणण्याआधी ती निदान काही समित्यांत ऑपरेटरच्या हातून तपासून घ्यावी. सर्व्हर अडला तर त्या दिवसाचं टोकन आपोआप पुढे सरकावं, म्हणजे शेतकऱ्याला हेलपाटा पडणार नाही. मोटरसायकलवरून माहिती वाहून नेत ज्या राज्याने रेशनची साखळी जोडली, त्याला यातलं काहीच जड नाही.