फुलं नसताना बाग बघायला जा

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. ही बाग ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही १८३० साली स्थापन झालेली संस्था सांभाळते. तिथली डेलिया, पिटुनिया, पॅन्झी बघून हरखलेला माणूस येताना चार रोपं घेऊन येतो. महिन्याभरात ऊन तापतं आणि रोपं माना टाकतात. ‘आमच्या हाताला यश नाही’ असं तो म्हणतो. हातात काही खोट नसते. तो फक्त तीन महिने उशिरा बागेत गेलेला असतो.

माझं म्हणणं असं, की शिकायला बागेत जायचं ते दसरा ते दिवाळीच्या दरम्यान, वाफे रिकामे असताना. माळी तेव्हा माती उलथून तिला ऊन देत असतात, शेणखत मिसळत असतात, गुलाब छाटत असतात. जानेवारीतल्या फुलांचं सगळं गणित या दिवसांत उघड्यावर मांडलेलं असतं. विचारलंत तर माळी आनंदाने सांगतात, कारण या दिवसांत त्यांना कुणी काही विचारत नाही.

घरी आल्यावर पहिलं काम मातीचं. चार महिने पाऊस झेलून कुंडीतली माती दबून घट्ट झालेली असते, तिच्यातलं खत धुऊन गेलेलं असतं. ती कागदावर ओता, ढेकळं फोडा, हुमणीच्या पांढऱ्या अळ्या वेचून काढा आणि चार-पाच दिवस कडक ऊन दाखवा. ऑक्टोबर हीटला आपण नावं ठेवतो, पण मातीला हेच ऊन मानवतं. मग शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून कुंड्या भरायच्या.

रोपं आणायला उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सऱ्यांत गेलात तर फुललेल्या रोपाच्या मोहात पडू नका. इवल्याशा पिशवीत फुलावर आलेल्या रोपाने आपली ताकद आधीच खर्च केलेली असते. चार-सहा पानांचं, बुटकं, जाड खोडाचं रोप घ्या. संध्याकाळी लावा, दोन-तीन दिवस सावलीत ठेवा आणि जीव धरल्यावर शेंडा खुडा. शेंडा खुडताना जीव वर-खाली होतो हे खरं, पण बगलफुटी त्यामुळेच येतात आणि जितक्या फांद्या तितकी फुलं. बियांपासून करायचं असेल तर पिटुनियाचं बी मातीने झाकू नका. ते धुळीइतकं बारीक असतं आणि उजेडातच उगवतं. नॅस्टर्शियमचं बी मात्र जिथं वाढवायचं असेल तिथंच टोका, त्याला मुळं हलवलेली खपत नाहीत.

शेवंतीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ‘झाड भरपूर वाढलंय, कळी काही येत नाही’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. शेवंती रात्र मोजते. रात्री लांबू लागल्या की तिच्यात कळ्या धरण्याची क्रिया सुरू होते. त्यासाठी तिला सलग, अखंड अंधार लागतो. गॅलरीत रात्रभर दिवा जळत असेल किंवा रस्त्यावरच्या दिव्याचा झोत कुंडीवर पडत असेल, तर झाडाच्या लेखी रात्र होतच नाही आणि ते नुसती पानं वाढवत राहतं. व्यावसायिक शेतकरी याच गुणाचा उपयोग करतात. फुलं उशिरा हवी असतील तर ते शेतात रात्री दिवे लावतात. तेव्हा खताची मात्रा वाढवण्याआधी कुंडी रात्री अंधार राहणाऱ्या कोपऱ्यात हलवून बघा. लाखमोलाचं काम फुकटात होतं.

गुलाबाला छाटणीआधी आठवडाभर पाणी कमी करायचं. वाळक्या, काडीसारख्या फांद्या मुळापासून काढायच्या, जोमदार फांद्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरक्या कापायच्या. छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी पहिला बहर येतो. पाऊस पुरता थांबल्याशिवाय कात्री उचलू नका, ओल्या हवेत कापलेली फांदी वरून काळी पडत जाते.

कुंड्या उरल्या तर मेथी, पालक, मुळा पेरा. धणे रगडून दोन भाग करून पेरा, लसणाच्या पाकळ्या टोक वर ठेवून खोचा. त्यांना कसलेच लाड लागत नाहीत.

हे वेळापत्रक पुणे-नाशिकच्या हवेचं आहे. मुंबईत आणि कोकणात रात्री लवकर गार होत नाहीत, तिथं ऑक्टोबरात घाईने लावलेली पॅन्झी उकाड्यानेच जाते. मुंबईकरांनी नोव्हेंबर उजाडला की भायखळ्याच्या राणीच्या बागेत चक्कर मारावी, माळी हंगामी रोपं वाफ्यात कधी उतरवतात ते बघावं आणि त्याच आठवड्यात आपल्या गॅलरीतल्या कुंड्या भराव्यात.