कटर घ्यायचाय? आधी लाकूड बघा, मग हात

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमधली गोष्ट. खानापूर तालुक्यातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. तीन दिवस ऊन दिसलं नव्हतं. चौथ्या दिवशी पहाटे घरामागे कडकड आवाज आला आणि पाठोपाठ कौलं फुटल्याचा. आजोबांनी लावलेला फणस मुळासकट उपटून गोठ्यावर आडवा झाला होता. दोन्ही म्हशी पुढच्या बाजूला बांधलेल्या होत्या म्हणून वाचल्या, पण त्यांना बाहेर काढायची वाट फांद्यांनी बंद झाली होती.

बाबा कुऱ्हाड घेऊन धावले. मी खोलीतून माझा कटर आणला. चेनसॉला आमच्याकडे सगळे कटरच म्हणतात. सहा महिन्यांपूर्वी मी तो ऑनलाइन मागवला होता. खोक्यावर ६२ सीसी, २२ इंची बार असं ठळक लिहिलेलं. किंमत इतकी कमी, की बेळगावात एखाद्या दुकानात जाऊन विचारावं असंही वाटलं नाही. तोवर त्याने काजूच्या फांद्या आणि नीलगिरीचे बारके ओंडके कापून झाले होते, आणि तेवढ्यावर मी स्वतःला तयार समजत होतो.

तिसऱ्याच कापाला बारचं टोक मागच्या एका फांदीला लागलं. मशीन उसळून सरळ माझ्या तोंडाकडे आलं. चिखलात पाय घसरून मी मागे पडलो, म्हणून वाचलो. चेन रेनकोटचा खांदा फाडून गेली. आतल्या शर्टाला चीर, कातडीवर ओरखडा. अशा वेळी चेन जागच्या जागी थांबवणारा ब्रेक मशीनवर होता. तो लागलाच नाही.

बाबांनी मशीन बंद केलं, ओट्यावर नेऊन ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "आधी म्हशींचं बघू या." मग वरच्या वाडीतले मामा आले. लाकूडतोडीची कामं करण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांनी त्यांच्या ७० सीसीच्या मशीनने अर्ध्या तासात वाट मोकळी केली. जाताना माझ्या कटरकडे बघून म्हणाले, "मशीन मोठं घेतलंस की रे. पण कशासाठी घेतलंस, ते ठरवलं होतंस काय?"

ठरवलं नव्हतं. त्यानंतर ठरवायला मी चार महिने घेतले. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांची गावाकडे शेती आहे, आणि हल्ली ती बघायला शनिवार-रविवारी आपणच तरुण मंडळी जातो. मजूर मिळत नाहीत म्हणून मशीन घ्यायचा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

उसळी का बसते?

मोठ्या कटरची चेन भर वेगात सेकंदाला २० मीटरच्या पुढे धावते, म्हणजे ताशी ७०-८० किलोमीटर. बारच्या वरच्या बाजूने ती पुढे जाते, टोकाला वळते आणि खालून मागे येते. टोकाच्या वरच्या पाव भागाला काही लागलं, की दात लाकडात अडकतात आणि इंजिनाचा सगळा जोर बारला वर आणि मागे फेकतो. माणसाला हात हलवायलाही वेळ मिळत नाही. मशीन जितकं ताकदवान, तितका धक्का मोठा. म्हणून मोठं मशीन घेणाऱ्याने आधी ब्रेक बघायचा आणि मग सीसी.

ब्रेक दोन प्रकारे लागतो. मशीन उसळलं की पुढच्या मुठीसमोरचं कवच आपल्या मनगटाला लागून पुढे ढकललं जातं, तो एक. हात लागला नाही तरी झटक्यानेच ते कवच पुढे पडतं, तो दुसरा. दुसरा तपासायची सोपी रीत मामांनी दाखवली. इंजिन बंद करायचं, ब्रेक मोकळा ठेवायचा, मशीन ओंडक्याच्या वर हातभर उंचीवर आडवं धरायचं, मग पुढचा हात सोडून मागच्या मुठीवर ते झुकू द्यायचं. बारचं टोक ओंडक्यावर आपटताच ब्रेक 'खट्' करून लागला पाहिजे. माझ्या जुन्या कटरवर आम्ही हे दहा वेळा केलं. तो दोनदा लागला.

सीसीचा आकडा

तो कटर मी बेळगावात एका ओळखीच्या मिस्त्रीकडे उघडून घेतला. सिलिंडरचा व्यास भरला ४५.२ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ३४ मिलिमीटर. शाळेतलं घनफळाचं सूत्र लावा: साडेचोपन्न सीसी. खोक्यावरचे ६२ कुठून आले ते छापणाऱ्यालाच ठाऊक. आणि एवढ्याशा इंजिनाला २२ इंची बार लावलेला, म्हणजे जाड लाकडात ते दमणार आणि माणूस वरून जोर लावणार. कटरवर जोर लावावा लागत असेल तर चेन बोथट आहे किंवा इंजिनाला बार झेपत नाही, असं समजावं.

सीसीपेक्षा खरा आकडा किलोवॅटचा. चांगल्या कंपन्या तो पुस्तिकेत स्पष्ट देतात. अंदाज यावा म्हणून दोन उदाहरणं देतो. स्टिलचं एमएस ३६१ हे ५९ सीसीचं मशीन ३.४ किलोवॅट देतं आणि वजन ५.६ किलो. त्याच कंपनीचं एमएस ३८२ सुमारे ७२ सीसीचं, ३.९ किलोवॅट, ६.२ किलो. हुस्कवर्नाचीही याच दोन गटांत मशीनं मिळतात. हे वजन मात्र बार, चेन, पेट्रोल आणि तेल धरून नसतं. २० इंची बार लावून टाक्या भरल्या, की ५.६ किलोचं मशीन पावणेआठ किलोच्या आसपास जातं.

आधी लाकूड

मी एका रविवारी वही आणि टेप घेऊन शेतात फिरलो. वर्षभरात आम्हाला खरोखर काय कापावं लागतं? बंबासाठी आणि चुलीसाठी जळण: काजू, नीलगिरी, अकेशिया, बहुतेक ६ ते १२ इंच जाडीचं. बांधावरच्या मत्ती आणि जांभळाच्या वाळलेल्या फांद्या, १० ते १५ इंच. आणि पाच-सहा वर्षांतून एखादा फणस नाहीतर आंबा, २५ ते ३० इंचांचा.

यावरून हिशोब सुटला. नुसत्या काजूच्या फांद्या असतील तर ४० ते ४५ सीसी आणि १६ इंची बार पुष्कळ झाला. घराजवळच्या हलक्या छाटणीला बॅटरीवरचा छोटा कटरही चालतो. वाळलेल्या मत्तीसारखं टणक लाकूड नेहमी कापायचं तर ५५ ते ६५ सीसी आणि १८ ते २० इंची बार. रोज मोठी खोडं पाडणाऱ्या मामांसारख्या माणसाला ७० सीसी आणि २४-२५ इंची बार शोभतो. पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या फणसासाठी वर्षभर तेवढं ओझं वागवण्यात अर्थ नाही. शिवाय पडलेलं खोड दोन्ही बाजूंनी कापता येतं, त्यामुळे २० इंची बारने २८ इंचांचा ओंडकाही तुटतो. वेळ थोडा जास्त लागतो, एवढंच.

मग हात

मोठ्या मशीनसाठी माझा जीव तुटत होता, हे कबूल करतो. दुकानात ७२ सीसीचं हातात घेतलं तेव्हा बरं वाटलं. दुकानदार शहाणा होता. म्हणाला, "चालू करू नका. नुसतं कमरेच्या उंचीवर धरून दहा मिनिटं उभे राहा." सातव्या मिनिटाला माझे दंड थरथरायला लागले. मी आठवड्यातले पाच दिवस बेळगावात संगणकासमोर बसणारा माणूस. दमलेल्या हाताने बारचं टोक कुठे जातंय याचं भान राहत नाही. शेवटी ५९ सीसी आणि १८ इंची बार घेतला. किंमत जुन्या कटरच्या पाचपट. दुकानापासून मिस्त्री चालत अंतरावर आहे आणि चेन, फिल्टर, स्प्रॉकेट कपाटात तयार असतात, हेही त्या किमतीत आलं.

चेन म्हणजे अर्धं मशीन

आजच्या चेनचा दात एका अळीवरून सुचलाय. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने खोडात भुंग्याची अळी पाहिली. ती डावीकडे-उजवीकडे लाकूड कुरतडत आडवी-उभी कशीही सहज पुढे जात होती. तिच्या जबड्यासारखे एकाआड एक डावे-उजवे दात त्याने चेनला लावले. आपल्या हातातली चेन अजून त्याच पद्धतीची आहे.

हा दात बोथट झाला की ३.४ किलोवॅटही फुकट. कापताना जाडसर कपचे पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबा. ३/८ इंच पिचच्या चेनला ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची गोल कानस लागते, ०.३२५ पिचला ४.८ ची. प्रत्येक दाताला सारखे फेरे मारायचे. दातापुढची खोली ठरवणारी बोंडी दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली ठेवायची. ती जास्त घासली तर चेन लाकडात घुसते आणि उसळीचा धोका वाढतो. कुंपणाजवळच्या झाडात जुनी तार, खिळे असतातच, ते आधी शोधा. फणसाचा चीक चेनला धरतो, काम झालं की रॉकेलने पुसून घ्या.

पेट्रोलमध्ये टू-टी तेल ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. बारचं तेल वेगळं. पेट्रोलची टाकी संपली की तेलाचीही भरायची. महिना-दीड महिना मशीन ठेवून द्यायचं असेल तर पेट्रोल काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरतं आणि कार्बोरेटरचे पडदे खराब करतं.

अंगावर काय?

मशीनच्या पैशातच हे पैसे धरा: जाळी असलेलं हेल्मेट, कानाचं झाकण, चांगल्या पकडीचे बूट आणि पायाला संरक्षक पँट. या पँटमध्ये लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की ते धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये गुंततात आणि चेन थांबते. उकाड्यात नको वाटते, पण मी घालतो. डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून घ्यायचा, खांद्याच्या वर कापायचं नाही, आणि झाडावर किंवा शिडीवर चढून कटर चालवायचा नाही.

एक गोष्ट कागदाची. झाड आपलं, जमीन आपली, तरी तोडायला परवानगी लागू शकते. महाराष्ट्रात १९६४ चा, कर्नाटकात १९७६ चा आणि गोव्यात १९८४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. काही जाती वगळलेल्या असतात, पण याद्या प्रत्येक राज्यात वेगळ्या. आपल्यातल्या अनेकांची एक शेती या बाजूला आणि दुसरी चंदगडात, त्यांनी दोन्हीकडे विचारावं. आम्हीही म्हशी सुटल्यावर फणसाचं खोड तसंच ठेवलं, वन खात्याला कळवलं आणि त्यांनी पाहून गेल्यावरच कापलं. त्या लाकडाचाच आता गोठ्याचा नवा दरवाजा आहे.

नवा कटर येऊन दीड वर्ष झालं. बाबा जवळपास असल्याशिवाय मी तो सुरू करत नाही. ते दोन बारांच्या अंतरावर, बाजूला, पाचर आणि घण घेऊन उभे राहतात. त्यांनी हात वर केला की इंजिन बंद, कारण विचारायचं नाही, असा आमचा करार आहे. आजोबा आणि बाबा दोघे मिळून करवत ओढायचे तेव्हाही एकाने थांब म्हटलं की दुसरा थांबायचाच, असं ते सांगतात.

जुना कटर गोठ्याच्या आढ्याला टांगलाय. गणपतीत चुलतभाऊ आला होता. तो यंदा बारावीला आहे. त्याची नजर बरोबर तिकडे गेली. "दादा, तो मला दे की. बारक्या फांद्यांना चालंल."

मी दिला नाही. खाली काढून त्याला ओंडक्यावरची ती परीक्षा करायला लावली. पहिल्यांदा ब्रेक लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा त्यानेच मशीन खाली ठेवलं आणि माझ्या खांद्याकडे बघत विचारलं, "दादा, तुला खरंच इथं लागलं होतं?"