वास येतोय का?

भोसरीच्या लहान शेडमध्ये गॅसची गळती शोधायची जुनी रीत अजून मोडलेली नाही. साबणाचं पाणी करायचं, ब्रशने जोडाला लावायचं आणि बुडबुडा येतो का ते बघायचं. त्याआधीचा इशारा नाकाचा. एलपीजीला मुळात वास नसतो, मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनमुळे तो येतो. पण आठ तास थिनर आणि कुलंटच्या वासात उभ्या राहिलेल्या नाकावर किती भरवसा ठेवायचा?

1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर कारखाने उभे राहिले. त्याच साली जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडचा सेन्सर बनवला. तापवलेल्या त्या कणांना गॅस लागला की विजेचा रोध उतरतो, एवढंच त्याचं गुपित. या दोन गोष्टींची गाठ पडायला मात्र बराच काळ जावा लागला. भोपाळच्या वायू दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने कायदा बदलला, 1989 मध्ये घातक रसायनांचे नियम आले. त्यांचा रोख मोठ्या साठ्यांवर होता. चार सिलिंडर जोडून भट्टी चालवणारा लघुउद्योजक साबणाच्या पाण्यावरच राहिला.

2006 मध्ये महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड स्थापन झाली, हळूहळू पाइपने गॅस येऊ लागला आणि एक वेगळीच अडचण उभी राहिली. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस हलका, तो पत्र्याकडे जातो. म्हणजे सिलिंडर गेले की फुटभर उंचीवरचा डिटेक्टर छताजवळ न्यायला हवा. तो तिथेच राहिला तर दिवा हिरवा दिसतो आणि सगळे निर्धास्त असतात. मला तर डिटेक्टर नसण्यापेक्षा हे जास्त धोक्याचं वाटतं.

2014 नंतर वायफायची चिप स्वस्त झाली. काहीशे रुपयांत तागुचींच्याच जातीचा एमक्यू-6 सेन्सर आणि बोर्ड मिळू लागला, आणि निगडीपासून आळंदीपर्यंत इंजिनिअरिंगच्या मुलांचा तो हुकमी प्रोजेक्ट ठरला. परीक्षकांसमोर लायटरचा गॅस सोडायचा, बझर वाजतो, फोनवर मेसेज येतो, मार्क मिळतात. कारखान्यात हे इतकं सोपं नसतं. असा सेन्सर थिनरच्या वाफेनेही ओरडू शकतो. तिसऱ्यांदा उगाच वाजला की कुणीतरी वायर काढून ठेवतो. मेसेज येतो सुपरवायझरच्या फोनवर, आणि सुपरवायझर तोवर पीएमपीच्या बसमध्ये. म्हणून खरा उपयोग सोलेनॉइड व्हॉल्व्हचा: मेसेजची वाट न बघता तो पुरवठा तोडतो.

ऑक्टोबर 2023 ने मात्र वेगळंच दाखवलं. 8 तारखेच्या रात्री ताथवड्यात टँकरमधून चोरून सिलिंडर भरताना स्फोट झाले, शेजारी उभ्या स्कूलबसही जळाल्या. दोनच दिवसांनी कासारवाडीच्या जलतरण तलावावर क्लोरीनची गळती झाली आणि पोहायला आलेल्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. क्लोरीनसाठी एमक्यू-6 कामाचा नाही. त्याला वेगळा इलेक्ट्रोकेमिकल सेल लागतो, आणि तो काही वर्षांत बदलावा लागतो. मे 2024 मध्ये चाकण-शिक्रापूर रस्त्यावर शेलपिंपळगावजवळ पुन्हा गॅस टँकरचा स्फोट झाला.

चोरून गॅस काढणारा डिटेक्टर कशाला लावेल? टँकर कुठे थांबलाय ते जीपीएसवरून कळू शकतं. थांबून त्याची नळी कशाला जोडली आहे, ते बघायला अजून तरी माणसालाच जावं लागतं.