फटाके आणि फौजी काका

आमच्या भाईंदरच्या होस्टेलचे वॉचमन काका माजी सैनिक. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की दचकून भिंतीला टेकायचे. आम्ही हसायचो. मग कळलं, हा भित्रेपणा नव्हे. लढाईत शरीर इतकं सावध होतं की घरी परतल्यावरही मोठ्या आवाजाला धोकाच समजतं. सेन्सर तोच, थ्रेशोल्ड खाली गेलेला!

सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर लष्कराच्या ईएमईत, म्हणजे आपल्याच तंत्रशाखेत होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. पोहण्याच्या बळावर सावरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकलं. पण एकट्याने सावरणं सगळ्यांना कुठे जमतं?

म्हणून मित्रांनो, फटाक्याआधी काकांना सांगा. चहाला बोलवा. 'किती मारले?' विचारू नका, बोलले तर ऐका. झोपच उडाली असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर लावून द्या.