लस कुठून द्यायची?

2013 साली दक्षिण इस्रायलच्या सांडपाण्यात पोलिओचा जंगली विषाणू सापडला आणि पुढे महिनोन्‌महिने सापडत राहिला. लुळं पडलेलं मूल मात्र एकही नव्हतं. 2005पासून तिथे फक्त टोचायची लस होती, आणि ती जवळपास प्रत्येक मुलाला मिळालेली होती. ती निकामी म्हणावी तर मुलं धडधाकट. यशस्वी म्हणावी तर विषाणू लस घेतलेल्यांच्याच आतड्यांत वाढत होता. याचं कारण शरीररचनेत आहे. टोचलेल्या लसीमुळे रक्तात आयजीजी प्रतिपिंडे तयार होतात आणि ती विषाणूला मज्जारज्जूपर्यंत पोहोचू देत नाहीत. नाक, घसा, आतडं यांच्या ओलसर अस्तरावर मात्र मुख्य पहारा आयजीएचा. अस्तराखालच्या पेशी ही प्रतिपिंडे जागेवरच बनवतात आणि ती वरच्या चिकट स्रावात सोडली जातात. विषाणूची ओळख त्या अस्तराला आधी झालेली असेल, तरच हे काम नीट होतं. इस्रायलला अखेर पुन्हा तोंडावाटे थेंब द्यावे लागले.

पण म्हणून सुई टाकून द्यावी, हा निष्कर्ष घाईचा आहे. भारतातल्या ज्या मुलांनी आधी थेंब घेतले होते, त्यांना टोचायची लस दिल्यावर विष्ठेतून विषाणू बाहेर पडणं कमी झालं, असं 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलं. म्हणजे एकदा ओळख झालेल्या अस्तराला सुईनेही जागं करता येतं. कोविडसाठी येल विद्यापीठात उंदरांवर उलटा क्रम वापरला गेला: आधी इंजेक्शन, मग नाकातून विषाणूचं प्रथिन. नव्या लसीची आखणी करताना मार्गाइतकाच क्रमही ठरवावा लागेल, असं माझं मत आहे.

नाका-तोंडावाटे लस देण्यावरचे आक्षेप पोकळ नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये 2000-01च्या हंगामात वापरलेली फ्लूची नाकातली लस चेहऱ्याच्या लकव्याशी जोडली गेली आणि मागे घेतली गेली. पोलिओच्या थेंबांमधला जिवंत विषाणू क्वचित पुन्हा घातक होतो. टाइप 2चा घटक 2016 साली नेहमीच्या थेंबांतून काढला तो त्यामुळेच. हे धोके खरे, पण ते त्या-त्या घटकाचे आहेत: स्विस लसीत संशय होता तो तिच्यात मिसळलेल्या जिवाणूच्या विषावर. मला मोठी अडचण वाटते ती मोजमापाची. भारतात 2022 साली नाकातल्या कोविड लसीला मंजुरी मिळाली ती प्रतिपिंडांच्या मोजणीवर. रक्ताची तपासणी सोपी असते. नाकातलं आयजीए नमुना कसा घेतला यावरही बदलतं, आणि किती असलं म्हणजे संसर्ग थांबतो याचा सर्वमान्य आकडा नाही. तोवर अशा लसीने संसर्ग रोखल्याचा दावा घरातल्या इतरांना लागण झाली का, हे मोजूनच तपासावा लागेल.